दर सातवं घर

दांडेकर पुलापासून मोजायला लागायचं, डावा हात धरून.
दर सातवं घर.
कुलूप असेल तर पुन्हा यायचं, दोनदा यायचं,
शेजारी विचारायचं नाही. शेजारी सगळं सांगतात.

टॅबवर हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन,
माहीत नाही अठ्ठ्याण्णव,
सांगायचं नाही नव्व्याण्णव.
ठोंबरे सर म्हणाले, तुमच्याकडून नव्व्याण्णव फार येतात,
जरा हसत जा, पाणी मागत जा.

मी पाणी मागते.
जनता वसाहतीत वरच्या टप्प्यावर
हंडा चढवून आणलेला असतो, मागताना लाज वाटते,
पण पाणी देणारं माणूस खोटं कमी बोलतं.

बेबीताई गाडेकर, भंगार वेचतात.
तंबाखू? छ्या. दारू? तोंड बघ माझं.
आणि डबीत बोट फिरवून हिरड्यांवर दाबत,
ही मिश्री गं. हिला काय व्यसन म्हणतात होय?
सकाळी एकदा, दुपारी एकदा,
कचऱ्यात उतरायच्या आधी एकदा. वास मरतो.
मी एक दाबलं.

सदाशिव पेठेत एका खोलीत सहा कॉट,
सहा जणांची एकच परीक्षा.
खिडकीत थोटकांनी भरलेली नारळाची करवंटी.
निकाल लागला की सोडणार, मॅडम.
कितव्यांदा बसताय, हे विचारायला फॉर्मात जागा नाही.

खराडीत अकराव्या मजल्यावर
एक मुलगा म्हणाला, फक्त शनिवारी.
मग म्हणाला, शुक्रवारपासून.
मग त्यानं रात्रपाळीचं वेळापत्रक दाखवलं
मोबाईलवर. त्यात वारच नव्हते.

पंक्चरवाल्याकडचा पोरगा, वय त्याच्या मते चौदा.
रुमालात सोल्यूशन. भूक लागत नाही म्हणे.
बिस्किटाचा पुडा दिला, नियमात बसत नसताना.
त्यानं तो न फोडता खिशात घातला,
धाकटीसाठी.

प्रश्न एकतीस. पहिल्यांदा कुणी दिलं?
मामानं, हळदीच्या रात्री.
मुकादमानं, पगार लांबला तेव्हा.
दाढ ठणकत होती, आईनं.
नवऱ्यानं, त्याला एकट्याला पिववत नव्हती म्हणून.
तीनशे बारा फॉर्म झाले.
अनोळखी माणसाचा कोड पाच.
पाचावर माझं बोट अजून पडलेलं नाही.

शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात मात्र
गेटबाहेर टोपी ओढलेला एक काळा माणूस, हातात पुडी.
चित्र काढणारा कधी कुणाच्या हळदीला गेला नसावा.

आमचं घर सहावं येतं.
उजवा हात धरला तर आठवं.
मी दोन्हीकडून मोजून पाहिलंय.

आत मुकुंदा झोपलेला असतो, भर दुपारी, मोजे घालून.
कॉटखाली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या.
आई त्या धुऊन ठेवते, फिनेल भरायला.
इतकं फिनेल आमच्या गल्लीला पुरेल.

त्याच्या दहावीच्या वर्षी खोकला लागला होता.
वडील ओरडायचे, बाहेर जाऊन खोक.
मी दोन चमचे दिले. झोपला.
दुसऱ्या रात्री खोकला नव्हता,
वडील होते.
मी दोन चमचे दिले.

रात्री टॅब चार्जिंगला लावायच्या आधी
नवीन फॉर्म उघडते. सरळ एकतीसवर जाते.
आईवडील एक, भाऊ दोन, जोडीदार तीन, मित्र चार.
बहिणीला कोड नाही.
कुणाला सुचलंच नसेल.
इतर, नमूद करा.

नमूद केलं.
लाल अक्षरांत आलं, हे घर नमुन्यात नाही.

आतून मुकुंदा खोकतो.
खरंच खोकतोय, की मला हाक मारतोय,
दिवा न लावता ऐकत बसते.